तारखांचं माहेर

माझ्या माहेरपणातले सगळ्यांत चांगले दिवस मला सरकारने दिले. हे मी कोणाला सांगितलं की लोक हसतात, आणि सरकार तेव्हा इंग्रजांचं होतं हे सांगितलं की जास्तच हसतात. पण खरं तेच आहे. माहेरच्यांनी द्यायचं ते त्यांना देता येईना, सासरच्यांनी द्यायचं ते त्यांनी दिलं नाही, आणि ज्या सरकारला मी या जगात आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं त्याने मला वर्षभरात पाच वेळा आईच्या घरी नेऊन सोडलं.

माझं सासर पांझरेकाठचं, धुळ्यापासून दोन कोसांवर. माहेर तापीकडे, अमळनेर ओलांडून आणखी चार कोस. एकाच खानदेशातली ही दोन गावं, पण सरकारने खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केलेले, त्यामुळे मी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात दिलेली लेक होते. बैलगाडीने जायला पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचा एक दिवस पुरे. एवढंसं अंतर, पण लग्नानंतर तीन वर्षांत मी ते एकदाही ओलांडलं नव्हतं.

सासरचे लोक वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा मनात छळाच्या गोष्टी रचायला लागेल. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. घरात सासरे, आमचे हे आणि दोन धाकटे दीर. चार पुरुष आणि भाकरी थापणारी मी एकटी. सासऱ्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, मीही नानाच म्हणायचे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की माहेराहून निरोप यायचा आणि नाना तो नीट ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, पुढच्या आखाजीला नक्की. पहिल्या वर्षी धाकट्या दिराला ताप होता. दुसऱ्या वर्षी विहिरीचं काम निघालं. तिसऱ्या वर्षी काय निघालं ते मला आठवत नाही, नानांनाही आठवलं नसतं.

आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणीने माहेरी नसणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. गावातल्या सगळ्या लेकी येतात, लिंबाला झोके बांधतात, दिवसभर गाणी म्हणतात. ज्या आईची लेक येत नाही ती आई त्या झोक्यांखालून पाणी आणायलासुद्धा जात नाही, दुसऱ्या वाटेने जाते. माझी माय तीन वर्षं दुसऱ्या वाटेने गेली. मला भेटायला तीच का आली नाही, असं शहरातली माझी नातसून मला विचारते. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमची रीत. मला तेव्हा मूल नव्हतं. उन्हाळ्यात एका दिवसाच्या वाटेवर येऊन पाणी न पिता परत जायचं, हे तिच्या वयाला कसं झेपणार? तेव्हा मीच गेले तर भेट, नाहीतर नाही.

चौथ्या आखाजीला माझा भाऊ मला न्यायला आला. लेकीला सासरहून आणायला जातो त्याला आम्ही मुऱ्हाळी म्हणतो, आणि मुऱ्हाळ्याने नम्र असावं अशी अपेक्षा असते. माझा भाऊ नम्र नव्हता. त्याने त्या वर्षी नवी खोंडं घेतलेली, पांढरीशुभ्र, शिंगं रंगवलेली, आणि हलकी दमणी जुंपून तो ऐटीत आला. नानांनी नेहमीप्रमाणे पुढच्या आखाजीचं नाव काढलं.  भाऊ ओसरीवर बसला आणि बसूनच राहिला. एक दिवस बसला, दुसरा दिवस बसला. जेवायला वाढलं की जेवायचा, हात धुऊन पुन्हा तिथेच. गावातले लोक येता-जाता विचारायला लागले तेव्हा नानांना लाज वाटली. आखाजीच्या दिवशीच सकाळी ऊन चढल्यावर त्यांनी हो म्हटलं. "चार दिन," ते म्हणाले. "पाचव्या दिन माले ती आठे दिसनी पायजे."

गाडीत बसले तेव्हा सण अर्धा होऊन गेला होता. मला वाटत होतं, आपण पोचेपर्यंत झोके सोडून ठेवतील, पोरी घरोघर परततील आणि माय म्हणेल, हीही आखाजी गेली. भाऊ बैलांना जपत चालला होता, नवीन होते ना. मी दर मैलाला त्याला टोकत होते. शेवटी अमळनेर दिसायला लागलं तेव्हा माझ्याने राहवलं नाही. "भाऊ, हाकल ना जरा," मी म्हटलं. "माय वाट देखी ऱ्हायनी व्हई."

त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग कासरा सैल केला.

ती खोंडं काय पळाली ते मी कसं सांगू. बोरी नदीचा उतार, मग चढ, मग बाजारपेठ. घुंगुरमाळांचा असा आवाज की पुढचे लोक आधीच बाजूला होत होते. माझा पदर उडत होता, मी एका हाताने तो आणि दुसऱ्या हाताने दमणीचा दांडा धरला होता आणि मी हसत होते. लग्नानंतर तोंडावर हात न ठेवता मी पहिल्यांदा हसले ते त्या बाजारपेठेत. एक म्हातारी खरबुजं मांडून बसली होती, तिची दोन खरबुजं गडगडत गेली. एक हवालदार रस्ता ओलांडत होते, त्यांनी उडी मारून कापडाच्या दुकानाचा ओटा गाठला आणि त्यांची पगडी खाली पडली. कोणाला काही लागलं नाही.

भावाने गाडी थांबवली, म्हातारीच्या खरबुजांचे पैसे दिले, पगडी झटकून हवालदारांच्या हातात ठेवली. हवालदार भला माणूस होता. ते धापा टाकत म्हणाले, की भर बाजारात भरधाव गाडी हाकणं हा गुन्हा आहे, लिहून घेणं माझं काम आहे. नाव-गाव लिहून घेतलं आणि वर आपुलकीने सांगितलं, की समन्स येईल, तारखेला या, गुन्हा कबूल करा, चार-पाच रुपये दंड होईल, भरून मोकळे व्हा. भाऊ हो म्हणाला. मलाही वाटलं, संपलं.

त्या चार दिवसांबद्दल मी फार लिहीत नाही. आम्ही पोचलो तेव्हा शेवटचा झोका सोडायला माणूस झाडावर चढला होता आणि माय खाली उभी राहून त्याला थांब म्हणत होती. ती झोक्यांच्या वाटेवर आली होती एवढंच मला दिसलं आणि मी रडायला लागले. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी पांझरेकाठी भाकरी थापत होते.

आषाढ लागला आणि एक दिवस पोलीस पाटील आमच्या दारात आले. हातात कागद, त्यावर शिक्का. आम्हांला वाटलं, भावाचं समन्स चुकून इकडे आलं. पाटलांनी वाचून दाखवलं ते भलतंच होतं. भावाने गुन्हा कबूल केला नव्हता. तो खटला लढवत होता, आणि त्याच्या बाजूची एकुलती एक साक्षीदार म्हणून मला अमळनेरच्या कोर्टात बोलावलं होतं.

नानांचा स्वभाव असा, की गावात ते कोणालाच भ्यायचे नाहीत, भुतालासुद्धा नाही, पण शिक्का असलेल्या कागदाला ते लहान मुलासारखे भ्यायचे. त्यांनी हात धुतले, कागद घेतला, देवघरात देवांच्या शेजारी ठेवला. दिरांनी कुरकुर केली की पेरणीच्या दिवसांत घरात भाकरीचं काय. नानांनी त्यांना एका वाक्यात गप्प केलं. "सरकारना कागद शे," ते म्हणाले. "जानंच पडी."

सासऱ्यांचा हा सूर मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. लग्नाला, बारशाला, आजाराला, सणाला जे जमलं नाही ते एका कागदाने केलं. तारखेच्या दोन दिवस आधी भाऊ गाडी घेऊन आला आणि कोणी त्याला ओसरीवर बसवून ठेवलं नाही. नाना म्हणाले, निघा लवकर, उशीर नको.

दोन्ही गावांत याच गोष्टीचा विषय झाला. चार-पाच रुपयांचा दंड, तो भरायचा सोडून हा माणूस वकील करतो, खेपा घालतो, शेतातली कामं टाकतो. बहुतेकांचं म्हणणं, डोकं फिरलंय याचं, नव्या बैलांची मस्ती आहे. थोडेजण म्हणायचे, बरोबर आहे, हवालदाराजवळ घड्याळ होतं का? मग जोरात कशावरून? पारावर बसून लोक गाड्यांचे वेग मोजायचे. चालणारा माणूस किती, पळणारा बैल किती, उडी मारणारा हवालदार किती. मलाही भावाचा राग यायचा. गाडी जोरात होती हे मला माहीत होतं. मुकाट्याने दंड भरावा की नाही?

पण राग वाटेपुरताच टिकायचा. घर दिसलं की मी सगळं विसरायचे.

पहिल्या तारखेला कोर्टाचे साहेब तालुक्यात फिरतीवर होते. पुढची तारीख भाद्रपदात पडली. मला वाटलं, फुकट गेली खेप. मग लक्षात आलं की फुकट कसली, चार दिवस माहेरी राहिले की. कोर्टाच्या आदल्या दिवशी पोचायचं, कारण साक्षीदाराने ताजंतवानं असावं असं भाऊ म्हणायचा. कोर्टानंतर दोन दिवस राहायचं, कारण बैल दमतात असंही तोच म्हणायचा. ते बैल दमणारे नव्हते.

माय मला काही करू द्यायची नाही. ऊन पायांशी येईपर्यंत मी झोपायचे. उठले की ती मला पुढ्यात बसवून केस विंचरायची, लहानपणी विंचरायची तसे, ओढून, आणि मी ओरडले की म्हणायची, सासरी कोणी विंचरत नाही म्हणून गुंता झालाय. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. मी तिला सासरचं काही सांगायचे नाही आणि ती विचारायची नाही. आम्ही शेजारणींबद्दल बोलायचो, म्हशीबद्दल बोलायचो. तिच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं, ती माझा चेहरा हाताने चाचपून बघायची, आणि हाडं लागली की हात काढून घ्यायची. तो हात मला आजही गालावर हवा आहे. माझं वय आता तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे आणि तरी हवा आहे.

दुसऱ्या तारखेला आमच्या वकिलांनीच मुदत मागितली, पोटात दुखतं म्हणून. अर्ज देऊन ते कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसले आणि चांगली दोन केळी खाल्ली. भाऊ बैलांना पाणी दाखवायला गेला होता. मी धीर करून वकिलांना विचारलं, की साहेब, भावाला तुरुंगात तर घालणार नाहीत ना? ते हसले.

"तुरुंग कसला? तुझ्या भावाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, कबूल कर, दहा मिनिटांत घरी जाशील," ते म्हणाले. "त्याने ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं. साक्षीदाराला किती वेळा यावं लागतं?"

 ते पुढे बरंच काही बोलत होते, साक्षीदार म्हणून माझं नाव घालायला भावानेच सांगितलं वगैरे, पण मला ते लांबून ऐकू येत होतं. भाऊ बैल घेऊन परत येताना दिसला. अंगात जुनी कोपरी, पायांत धूळ, आणि सगळ्या मुलखाने मूर्ख ठरवलेला. त्याच्याजवळ जावं, काहीतरी बोलावं असं फार वाटलं. पण भावाबहिणीत असं बोलायची आमच्यात पद्धत नाही. मी त्याला विचारलं, बैलांनी पाणी घेतलं का? तो म्हणाला, घेतलं.

त्या दिवसापासून मीही त्या कटात सामील झाले. माहेरी जाताना कोर्टाची धास्ती घेतल्यासारखं तोंड करायचं, हे मला चांगलं जमायला लागलं. नाना मला धीर द्यायचे, घाबरू नको, विचारतील तेवढंच सांग. बिचारे नाना. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटायचं, पण तारीख नको वाटण्याइतकं नाही.

कार्तिकात तिसरी तारीख आली आणि कापूस वेचणीला आला होता. शेतात माणसं, घरात त्यांच्या न्याहारीचं काम, आणि मी चार दिवस नाही म्हटल्यावर नानांचा भित्रेपणाही कमी पडला. त्यांनी माझ्यासमोर पैसे काढून आमच्या ह्यांच्या हातात ठेवले. मग मला म्हणाले, "तुना भाऊले सांग, गुन्हा कबूल करी ले. दंड मी भरस." वर त्यांनी ह्यांना माझ्याबरोबर जायला सांगितलं, काम उरकूनच या म्हणून.

त्या वाटेवर माझ्या तोंडाला खरोखर कोरड पडली होती. नानांचं म्हणणं सगळं रास्त होतं. जावयाने पैसे पुढे केले आणि कबूल कर म्हटलं तर भाऊ कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? आमचे हे कमी बोलणारे. दिवसभरात दहा वाक्यं झाली तर पुष्कळ. त्यांच्या मनात काय आहे ते कळायचं नाही. घरी पोचलो, माय पुढे आली, आणि नेहमीसारखी माझा चेहरा चाचपायला लागली. हे दाराशी चपला काढत उभे होते. ते बराच वेळ चपलाच काढत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाला पैशांचं सांगितलं. भाऊ म्हणाला, "मी नही कबूल करस." एवढंच. हे म्हणाले, बरं. कोर्टात हवालदार आले नव्हते, त्यांना यात्रेच्या बंदोबस्ताला पाठवलं होतं. पुढची तारीख माघात पडली. परत आल्यावर ह्यांनी नानांपुढे पैसे जसेच्या तसे ठेवले आणि सांगितलं, की वकील म्हणतो, आता कबूल केलं तर साहेब चिडतील, दंड दसपट करतील, कदाचित बैल जप्त होतील. वकील असं काही म्हणाला नव्हता. आमच्या पन्नास वर्षांच्या संसारात ह्यांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच पाहिलं. नंतर मी त्यांच्या ताटात भाकरीवर लोण्याचा मोठा गोळा वाढला, आणि त्यांनी तो का म्हणून विचारलं नाही.

माघातली तारीखही अशीच गेली, साहेबांची बदली होऊन नवे साहेब यायचे होते. मग आखाजी आली. मला वाटलं, आता सणाला सोडतील. नाना म्हणाले, तारखांना जातेसच की, आणखी आखाजी कशाला? ती आखाजी मी सासरीच काढली.

पाचवी तारीख श्रावणात. नवे साहेब तरुण होते, घाटावरचे, चष्मा लावणारे, आणि कामाला वाघ. त्यांनी सगळे पुकारे सकाळीच घेतले. मुदत नाही, पोटदुखी नाही. हवालदार साक्ष द्यायला उभे राहिले आणि जे घडलं ते त्यांनी सरळ सांगितलं, पगडी पडल्याचंही सांगितलं. मग माझं नाव पुकारलं.

वकिलांनी मला पढवून ठेवलं होतं, की गाडी सावकाशच होती, रस्त्यात कुत्रं आडवं आलं म्हणून बैल बुजले, एवढं म्हण. एवढं म्हटलं असतं तर भाऊ सुटलाही असता. मी कठड्याला धरून उभी राहिले. देवाला स्मरून खरं सांगेन, असं म्हणायला लावलं, ते मी म्हटलं. साहेब सौम्यपणे म्हणाले, "बाई, गाडी जोरात होती की सावकाश? एवढंच सांगा."

आणि तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, की मी उत्तर दिलं की हे संपणार. जोरात म्हटलं तरी संपणार, सावकाश म्हटलं तरी संपणार. मग मला कोणी बोलावणार नाही. देवघरात कागद ठेवला जाणार नाही. मी इतका वेळ गप्प उभी राहिले की कारकुनाने मान वर करून पाहिलं.

"साहेब," मी म्हटलं, "ते मी पुढली तारीखले सांगसू."

कोर्टात हशा पिकला. वकील हसले, कारकून हसला, हवालदारही हसले. माझा भाऊ हसला नाही. तो खाली बघत होता, जमिनीकडे, आणि त्याचे कान लाल झाले होते. साहेबांनी सगळ्यांना गप्प केलं. पुढची तारीख कशाला, त्यांनी विचारलं, आज तुम्ही इथे आहात ना, मग आजच सांगा.

मला सावकाश म्हणता येईना. शपथेची भीती होती, पण तेवढ्यासाठी नव्हे. ती गाडी सावकाश होती असं म्हणणं म्हणजे मला घाई नव्हती असं म्हणणं. तीन वर्षं माय दुसऱ्या वाटेने पाण्याला गेली आणि मला घाई नव्हती? भर कोर्टात, देवाला स्मरून, हे मी कसं म्हणू?

"जोरमा व्हती साहेब," मी म्हटलं. "मीच त्याले सांगेल व्हतं, हाकल म्हनीसन. तीन वरीसनी मी मायकडे जाई ऱ्हायंतू."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. वकिलांनी कपाळाला हात लावला. मग साहेबांनी लिहिलं, दंड सांगितला, सगळ्यांत कमी जो सांगता येतो तोच असावा, आणि भावाला म्हणाले, की बहिणीला आणायचं असेल तेव्हा एक दिवस आधी निघत जा. भावाने हात जोडले, दंड भरला आणि पावती घेतली. वर्षापूर्वी हवालदारांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही मोकळे झालो.

गाडी परतीला लागली. गाव जवळ आलं तेव्हा मी म्हटलं, भाऊ, मी सावकाश म्हणायला पाहिजे होतं का? तो म्हणाला, नाही. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, नाही.

घरी मायने आमची वाट पाहून चूल पेटती ठेवली होती. मी सासरी न्यायच्या वस्तू तिने एका फडक्यावर काढून ठेवल्या होत्या, उन्हाळ्यात केलेल्या बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, ही एवढी थप्पी, माझ्या दिरांना आवडतात म्हणून. जेवणं झाली. तिला निकाल, दंड, साहेब यांतलं काही विचारायचं नव्हतं. गाडी जोरात होती की सावकाश हे तिने वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं. ती फडक्याच्या गाठी मारायला बसली आणि हात थांबवून म्हणाली, "पुढली तारीख कव्हय शे, पोरी?"

भाऊ उठला आणि बैल सोडायला बाहेर गेला. बैल त्याने आल्याबरोबरच सोडले होते.

"पौषमा," मी म्हटलं.

माय बोटांवर मोजायला लागली. भादवा, कुवार, कार्तिक, मार्गशीर्ष. चार बोटं भरली. "बठ्ठा मिळीसन चारच महिना," ती म्हणाली, आणि खूश झाली. मग तिने बांधत आणलेलं फडकं सोडलं, बिबड्यांची थप्पी चाचपून मधोमध वेगळी केली, आणि अर्ध्या परत डब्यात नेऊन ठेवल्या, पौषात मी येईन तेव्हा मला ताज्या तळून द्यायला.